धावपटू, निवृत्त : शारीरिक बदल

लांब पल्ल्याचा कसलेला धावपटू स्पर्धा आणि सराव सोडतो, तेव्हापासून त्याच्या रक्तात, हृदयात, स्नायूंत, हाडांत आणि वजनात होणारे बदल. काही आठवड्याभरात सुरू होतात, काही वर्षानुवर्षे चालतात, तर काही खुणा कायमच्या राहतात.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात हा विषय घरोघरचा आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावातच. भरतीच्या १.६ किमी धावेसाठी गावची पोरं पहाटे रस्त्यावर उतरतात, आणि २०२२ पूर्वी भरती झालेले पलटणीत वर्षानुवर्षे पळून पस्तिशी-चाळिशीत पेन्शन घेऊन घरी येतात. परंपरा त्याहून जुनी आहे. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकची मॅरेथॉन धावून एकोणिसावे आले. ती शर्यत ४२.७५ किमीची, म्हणजे आजच्या मॅरेथॉनपेक्षा लांब होती. जवान आणि ऑलिंपिकपटू यांच्या सरावात मोठे अंतर असले, तरी थांबल्यावर शरीराची दिशा एकच असते. जो जास्त उंचीवर होता, त्याची घसरण जास्त दिसते.

सर्वांत आधी रक्त घटते. सरावाने वाढलेला रक्तद्रव पहिल्या काही दिवसांतच कमी होऊ लागतो, त्यामुळे प्रत्येक ठोक्याला हृदयाबाहेर पडणारे रक्तही कमी होते. कमाल ऑक्सिजनग्रहण क्षमता दोन-तीन आठवड्यांत सुमारे ७ टक्के आणि दोन-तीन महिन्यांत सुमारे १६ टक्के उतरल्याचे मोजले गेले आहे. स्नायूंच्या पेशींत ऊर्जा तयार करणारी विकरेही याच काळात झपाट्याने घटतात. मात्र स्नायूंतल्या केशवाहिन्यांचे जाळे तीन महिन्यांनंतरही बहुतांश टिकून असते. म्हणून कसलेला धावपटू काही महिने बसून राहिला, तरी कधीच न पळालेल्या माणसाच्या पातळीला लगेच येत नाही. पहाटे अंथरुणातच मनगटावर बोटे ठेवून नाडी मोजली, की फरक हाताला लागतो. ऐन भरात मिनिटाला चाळीसच्या आसपास असलेले ठोके हळूहळू साठकडे सरकतात.

वजनाचे गणित साधे आहे आणि तिथेच बहुतेकांची फसगत होते. ६० किलोचा माणूस एक किलोमीटर धावला, की साधारण ६० किलोकॅलरी खर्च होतात. रोजचे २० किमी बंद झाले, म्हणजे १२०० किलोकॅलरी, ज्वारीच्या पाच-सहा मोठ्या भाकऱ्यांइतकी ऊर्जा, शिल्लक राहू लागली. भूक मात्र त्या प्रमाणात उतरत नाही. ताट तेवढेच भरते. आपल्याकडे पैलवानाचे अंग सुटले, की गाव लगेच बोलते. धावपटू मुळात काटकुळा, त्यामुळे त्याचे पहिले चार-पाच किलो ‘तब्येत धरली’ म्हणून कौतुकात निघून जातात. चरबी साठते ती मुख्यतः पोटावर आणि रक्तदाब व साखरेच्या दृष्टीने तीच जास्त घातक. वजन वाढणे नेहमीच वाईट असते असेही नाही. २०११ मध्ये बोस्टनची मॅरेथॉन २:०४:५८ मध्ये धावलेला अमेरिकी धावपटू रायन हॉल २०१६ मध्ये सततच्या थकव्यामुळे निवृत्त झाला आणि वजने उचलून त्याने कित्येक किलो स्नायू कमावले.

मुलींच्या बाबतीत तर थोडे वजन वाढणे हीच अनेकदा बरे होण्याची खूण असते. पोटभर न खाता जोराचा सराव केल्याने पाळी थांबते, हाडे विरळ होतात. सराव सुटल्यावर आणि खाणे सुधारल्यावर पाळी बहुधा परतते. तरुणपणी गमावलेली हाडांची घनता मात्र पूर्ण भरून येईलच असे नाही. अशा मुलीला ‘जाड झालीस’ म्हणून टोकणे थांबायला हवे.

धावपटूचे हृदय मोठे झालेले असते. सराव थांबल्यावर त्याच्या भिंतींची जाडी पूर्ववत होते. डाव्या जवनिकेचा, म्हणजे हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याचा, फुगवटा मात्र काहींमध्ये पाच वर्षांनंतरही राहतो. दशकानुदशके कठोर सराव केलेल्या पुरुषांत अलिंदाच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या) अनियमित ठोक्यांचे प्रमाण जास्त आढळते. तेव्हा छातीत धडधडू लागले, तर ‘मी धावपटू आहे, मला काय होणार’ म्हणून दुर्लक्ष करू नये.

गुडघ्यांबद्दलची भीती हौशी धावपटूंच्या बाबतीत अवाजवी आहे, स्पर्धात्मक धावपटूंच्या बाबतीत मात्र अगदीच निराधार नाही. अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत गुडघा किंवा खुब्याची झीज हौशी धावपटूंत ३.५ टक्के, न धावणाऱ्यांत १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक धावपटूंत १३.३ टक्के आढळली.

फिनलंडच्या जुन्या आंतरराष्ट्रीय खेळाडूंच्या अभ्यासात सहनशक्तीच्या खेळाडूंचे आयुर्मान ७५.६ वर्षे, तर तुलनेसाठी घेतलेल्या इतर पुरुषांचे ६९.९ वर्षे निघाले. पण हार्वर्डच्या माजी विद्यार्थ्यांची पाहणी सांगते, की कॉलेजात खेळाडू असून पुढे बसून राहिलेल्यांना हृदयरोगापासून जुन्या खेळाचे संरक्षण मिळाले नाही. जुन्या पदकांपेक्षा आजची हालचाल महत्त्वाची ठरते. ती थोडकीही पुरते. धावण्याचा जोर कायम ठेवून दिवस आठवड्याला दोनवर आणले, तरी ऑक्सिजनक्षमता तीन-साडेतीन महिने टिकल्याचे प्रयोगांत दिसले आहे. पेन्शनर जवानाने आठवड्यातून दोनदा बेळगावजवळच्या राजहंसगडाचा चढ जोरात चढला, तरी बरेच साधेल.

खंडानंतर पुन्हा सुरुवात करताना दम लवकर परततो, पण पोटरी, टाच आणि कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) मागे राहतात. नेमक्या याच काळात जुन्या वेगाने धावल्याने टाचेची कंडरा दुखावते. म्हणून पहिले काही आठवडे दम पुरला, तरी अंतर थोडे-थोडेच वाढवावे.