तैशोकेन (हिगाशी-इकेबुकुरो)

टोकियोच्या तोशिमा भागातले रामेनचे, म्हणजे सूपातल्या जपानी नूडल्सचे दुकान. काझुओ यामागिशी (१९३४–२०१५) यांनी ते १९६१ मध्ये सुरू केले. गार नूडल्स एका भांड्यात, गरम सूप दुसऱ्यात आणि प्रत्येक घास सूपात बुडवून खायचा, या त्सुकेमेन नावाच्या प्रकाराचे हे मूळ घर मानले जाते. काटेकोर बोलायचे तर तो पदार्थ याआधीच, १९५५ मध्ये, नाकानो भागातल्या तैशोकेन याच नावाच्या दुसऱ्या दुकानात विक्रीला आला होता. तिथेही यामागिशीच होते. चाळणीत उरलेल्या नूडल्स दुकानातले लोक सूपात बुडवून खात. ते पाहून एका गिऱ्हाइकाने मागणी केली आणि ‘तोकुसेई मोरीसोबा’ या नावाने ४० येनला थाळी मिळू लागली.

आज त्सुकेमेन म्हटले की पिठल्यासारखे दाट सूप डोळ्यांपुढे येते. यामागिशींचे सूप मात्र बरेच पातळ, सोया सॉसचे आणि आंबट-गोड-तिखट होते. त्यात व्हिनेगर, साखर व मिरची पडे. डुकराची हाडे तासन्‌तास उकळून त्यात सुक्या माशांचा अर्क मिसळण्याची दाट तऱ्हा २००० नंतर फोफावली. २००५ मध्ये टोकियोच्या ओसाकी भागात निघालेल्या रोकुरिन्शा या दुकानाचा त्यात मोठा वाटा आहे.

नूडल्स जाड असतात. उकडल्यावर त्या गार पाण्यात चोळून धुतात, म्हणजे वरचा चिकटपणा जातो आणि चावायला घट्टपणा येतो. सूप नूडल्सला लागेल तेवढेच तोंडात जाते, म्हणून ते नेहमीच्या रामेनपेक्षा खारट व तीव्र ठेवावे लागते. गार नूडल्समुळे ते लवकर निवते, ही या पदार्थाची जन्मजात खोड. ज्यांना ती खटकते ते गरम नूडल्सची ‘आत्सुमोरी’ मागवतात. नूडल्स संपल्यावर उरलेल्या सूपात साधा गरम रस्सा घालून ते पितात. त्याला ‘सूपवारी’ म्हणतात. पहिल्यांदा जाणारे बरेचदा हे मागायचे विसरतात आणि निम्मी मजा घालवतात.

यामागिशींनी आपली कृती कधी लपवली नाही. शिकायला येईल त्याला ते शिकवत. शंभराहून अधिक शिष्यांनी पुढे स्वतःची दुकाने काढली आणि त्यांपैकी अनेकांनी तैशोकेन हेच नाव लावले. त्यामुळे एकाच नावाच्या दोन दुकानांत चव सारखी असेलच असे नाही.

परिसराच्या पुनर्विकासामुळे मूळ दुकान मार्च २००७ मध्ये बंद झाले. २००८ मध्ये जवळच ते पुन्हा उघडले, तेव्हा गल्ला आणि चूल दोन्ही शिष्याच्या हाती होती.