आरबीसी काउंट मागे कसा पडला, आणि विदर्भात तो पुन्हा का वाचावा लागतो

रक्तातल्या तांबड्या पेशींची मोजणी म्हणजे आरबीसी काउंट. अशी पहिली मोजणी १८५२ मध्ये जर्मनीत झाली. पुढची शंभर वर्षे काम हातानेच चालले. पिपेटमध्ये रक्त २०० पट पातळ करायचे, आखलेल्या काचेवर ८० बारीक चौकोनांतल्या पेशी मोजायच्या आणि आकड्यापुढे चार शून्ये द्यायची. सरावलेल्या हातानेही दहा टक्क्यांपलीकडे फरक पडे. १९५३ मध्ये अमेरिकेत एका यंत्राला पेटंट मिळाले. सूक्ष्म छिद्रातून पेशी गेली की विजेचा रोध बदलतो, तो बदल हे यंत्र मोजत असे. आज तालुक्याच्या लॅबमधला सीबीसी, म्हणजे सगळ्या रक्तपेशींचा रिपोर्ट, बहुतेक याच तत्त्वावर निघतो.

मात्र गावपातळीवर हा आकडा पोहोचलाच नाही. रक्तक्षय ठरवायला फक्त हिमोग्लोबिन धरायचे, हा निर्णय त्याला कारण ठरला. १९६८ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी सीमा आखल्या: १०० मिलि रक्तात पुरुष १३, स्त्री १२, गरोदर स्त्री ११ ग्रॅम. १९७० पासून देशात लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांचा कार्यक्रम सुरू झाला. निर्णयाची बाजू समजण्यासारखी आहे. बोटाच्या थेंबावर, वीज नसतानाही हिमोग्लोबिन पाहता येते. पेशी मोजायला वेळ आणि माणूस दोन्ही लागतात. पण हिमोग्लोबिन रक्त कमी आहे एवढेच सांगते, ते का कमी आहे हे सांगत नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा आणि मेळघाटात हा ‘का’च महत्त्वाचा आहे. भारतात सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार, १९५२ मध्ये निलगिरीत नोंदवला गेला आणि त्याच दशकात नागपूर भागातही आढळला. म्हणजे गोळ्यांचा कार्यक्रम आखला गेला तेव्हा ही माहिती हाताशी होती. तरी विदर्भासाठी वेगळी वाट काढली गेली नाही, हे माझ्या मते चुकलेच.

फरक रिपोर्टवरच दिसतो. एका बाईचे हिमोग्लोबिन ८.२, काउंट ३.९ म्हणजे घन मिलिमीटरला ३९ लाख, एमसीव्ही (तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान) ६८. इथे लोहाची कमतरता असण्याची शक्यता जास्त. दुसरीचे हिमोग्लोबिन ११, पण काउंट ५.८ आणि एमसीव्ही ६०. रक्त कमी आणि पेशी मात्र भरपूर! एमसीव्हीला काउंटने भागून १३ च्या आत उत्तर आले तर थॅलेसेमिया या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजाराचा वाहक (स्वतःला सहसा त्रास नसलेला, पण दोष मुलांना देऊ शकणारा) असल्याची शंका घ्यावी, हा हिशेब १९७३ पासून वापरात आहे. पहिलीचे उत्तर १७ च्या वर येते, दुसरीचे १० च्या आसपास. हा अंदाजच, निदान नव्हे. लोहही कमी असेल तर तो फसतो. सिकलसेलग्रस्तात काउंट बहुधा ३० लाखांच्या आसपास किंवा खाली घसरतो, कारण पेशी लवकर फुटतात. त्यातले लोह बरेचसे शरीरातच राहते. त्यामुळे तपासणीत लोहाची कमतरता दिसल्याशिवाय लोहाच्या लाल गोळ्या वाढवत नेण्यात अर्थ नसतो. वर्षानुवर्षे गोळ्या खाऊनही ‘रक्त वाढत नाही’ म्हणणाऱ्या माणसाला आणखी गोळ्या देण्याआधी त्याचा काउंट बघायला हवा होता.

२०१८ च्या रक्तक्षयमुक्तीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात लोहापलीकडच्या कारणांनाही जागा मिळाली, त्यात सिकलसेल आणि थॅलेसेमिया आले. १ जुलै २०२३ रोजी शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ ही मुदत त्यात ठरली. २०२४ मध्ये हिमोग्लोबिनच्या आंतरराष्ट्रीय सीमा थोड्या बदलल्या. गरोदरपणाच्या मधल्या तीन महिन्यांसाठी आता १०.५ धरतात.

काउंटची मर्यादाही इथेच सांगायला हवी. सिकलसेलच्या वाहकाचा सीबीसी अगदी नॉर्मल येऊ शकतो, काउंटसकट. लग्न जुळवताना दोन्हीकडचे सीबीसी चांगले आहेत म्हणून घरचे निश्चिंत होतात, पण वाहक आहे की नाही हे त्या कागदावरून कळत नाही. त्यासाठी सोल्युबिलिटी टेस्ट ही सिकलसेलची प्राथमिक चाचणी करावी लागते, आणि ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी.