बोर्ड सांगायला येण्याआधी

बोर्डावर घालायची यादी घेऊनच बहुतेक जण आमच्याकडे येतात: मालकाचं नाव, कुलदैवताचा फोटो, तीन मोबाईल नंबर, शिवाय 'आमची कोठेही शाखा नाही'. सगळं घालू, आमचा दर चौरस फुटावर आहे. पण आधी एक सांगा, दारावरून जाणारं गिऱ्हाईक शोधत काय असतं?

हात लांब करून अंगठ्याचं नख बघा. डोळ्याला एका वेळी साधारण तेवढाच भाग स्वच्छ दिसतो, बाकी धूसर. म्हणून नजर सेकंदाला तीनेक उड्या मारते, आणि पुढची उडी कुठं हे बरंचसं मनातल्या गरजेवर ठरतं. नजरेचा अभ्यास करणारे रशियातले शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बस यांनी एकाच माणसाला एकच चित्र पुन्हा पुन्हा दाखवलं. चित्रातल्यांची वयं विचारली तेव्हा नजर चेहऱ्यांवर फिरली. घरची ऐपत विचारली तेव्हा कपड्यांवर, सामानावर.

रशिया कशाला, आपल्या बेळगावच्या बस स्टँडवर बघा. खानापूरच्या आजींना कन्नड वाचता येत नाही, पण पाटीवरच्या 'खानापूर'चं वळण डोक्यात पक्कं बसलंय. दहा गाड्यांतून तीच हेरतात. मधे धारवाडची गाडी नाकासमोरून गेलेली विचारा, पत्ता नसतो.

आता रंग. 'लालच करा, उठून दिसतो,' असं रोज ऐकतो. ॲन ट्रीझमन आणि गॅरी गेलेड या मानसशास्त्रज्ञांचं १९८० सालचं काम याबाबत स्पष्ट आहे: रंगानं एकटीच वेगळी असलेली वस्तू गर्दीतही झटकन सापडते; पण रंग आणि अक्षर दोन्ही जुळवून शोधायचं झालं, तर गर्दी वाढेल तसा वेळ वाढतो. तुमच्या गल्लीत आधीच सगळे लाल-पिवळे फ्लेक्स असतील तर तुमचा लाल त्यातच विरघळणार.

कर्नाटकच्या २०२४ च्या कायद्याप्रमाणे बोर्डावर ६० टक्के कन्नड लागतं, ते आम्ही मोजून बसवतो. उरलेल्या जागेत मराठीचा एकच शब्द ठसठशीत घ्या, आणि तो मालाचा घ्या, आडनावाचा नको. एका मिठाईवाल्यांचा 'कुंदा' आम्हीच नंबरांखाली कोपऱ्यात बसवला होता. माणसं त्याच बोर्डाखाली उभी राहून फोनवर विचारायची, कुंदा कुठं मिळतो हो? तो बोर्ड आम्ही पदरमोड करून बदलून दिला.

येताना दुकानाचे दोन फोटो आणा, रस्त्याच्या पलीकडून, शेजारच्या बोर्डांसकट: एक दुपारचा, एक लाइट लागल्यावरचा. यादी आणलीत तरी चालेल, खोडायला पेन आमच्याकडे आहे.