आजोबा मरणाबद्दल बोलतात तेव्हा

ठाण्यात कचराळी तलावावर सकाळी ज्येष्ठांच्या घोळक्याजवळ जरा बसून बघा, बीपीच्या गोळ्या, नातवाची ॲडमिशन असं चाललेलं असतं आणि मधेच कुणीतरी "आता बोलावणं आलं की निघायचं बुवा" म्हणून जातं, कुणी दचकत पण नाही. तेच घरी म्हटलं की सून लगेच "अप्पा, अभद्र नका ना बोलू" आणि विषय बंद.

मृत्यूची भीती मोजायला मानसशास्त्रात प्रश्नावल्या आहेत, डोनाल्ड टेम्पलरची १९७० सालची १५ प्रश्नांची खूप वापरली जाते. बऱ्याच अभ्यासांत दिसलंय की म्हातारपणी ही भीती वाढत नाही, उलट मधल्या वयापेक्षा कमीच असते. भीती असते ती अंथरुणाला खिळायची, नळ्या लावून पडून राहायची, मुलांवर भार व्हायची. "हातपाय चालतायत तोवर ने रे देवा" म्हणणाऱ्या आजीला मरायची घाई नसते, तिला फक्त कुणाकडून करून घ्यायचं नसतं.

आणि तेच तेच जुने किस्से सांगतात ना, त्यालाही अर्थ आहे. रॉबर्ट बटलर या डॉक्टरांनी १९६३ मध्येच मांडलं होतं की शेवटाची चाहूल लागली की माणूस आयुष्य परत चाळून बघतो, जुनी भांडणं, राहून गेलेलं सगळं, आणि त्यातून मन शांत होऊ शकतं. म्हणून ऐकून घ्या प्लीज.

पण "माझा आता काय उपयोग" हे वेगळं. जेवण तुटलं, पहाटे तीनला जाग येते, तलावावर जाणं बंद, सारखी चिडचिड, कुठेतरी दुखतंच आहे, तर हे वय नाही, डिप्रेशन असू शकतं आणि म्हातारपणीही त्यावर उपचार होतात. जीव द्यायचा विचार येतो का हे सरळ विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.

नळ्यांच्या भीतीवर तर कायदेशीर उपाय आहे, लिव्हिंग विल, म्हणजे बरं व्हायची आशा उरली नाही तर कोणते उपचार नकोत हे शुद्धीत असतानाच लिहून ठेवायचं. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये मान्यता दिली, २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आपल्याला बोलता येत नसेल तेव्हा निर्णय कुणी घ्यायचा त्यांची नावं त्यात लिहायची असतात, तेव्हा ती माणसं समोर बसवूनच लिहा.