फिडलर खेकडा घरी नेण्याआधी

एक नांगी भलीमोठी, दुसरी इवलीशी. आमच्या दुकानात हा खेकडा पाहिला की मुलं काचेला चिकटतात आणि मागून प्रश्न येतो, "घरी गप्पींची टाकी आहे, त्यातच सोडला तर?" नको. का नको, ते या पत्रकात लिहिलं आहे. खरेदीआधी वाचा.

सांगलीकडे खेकडा म्हणजे ओढ्यातला, नाहीतर शेताच्या बांधातला. तो जन्मभर गोड्या पाण्यात राहतो, त्याची पिल्लंसुद्धा आईच्या पोटाखालून छोटे खेकडे होऊनच बाहेर पडतात. फिडलरचं घराणं वेगळं. तो खाडीकाठचा, कांदळवनाच्या चिखलातला. ओहोटी लागली की बिळातून वर येतो, छोट्या नांगीने चिखल तोंडात घालतो, त्यातलं शेवाळ खातो आणि उरलेल्या मातीच्या बारीक गोळ्या टाकत पुढे सरकतो. भरती आली की पुन्हा बिळात. म्हणून त्याला मचूळ पाणीही हवं आणि पाण्याबाहेर बसायला जमीनही. गोड्या पाण्यात तो लगेच मरत नाही, पंचाईत तीच आहे. काही आठवडे बरे जातात, आपल्याला वाटतं रुळला, आणि मग कधीतरी कात टाकताना दगावतो.

पाणी आणि मीठ

स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही. नवं कवच घट्ट व्हायला कॅल्शियम, मॅग्नेशियम लागतं, ते मरीन सॉल्टमध्येच (समुद्री टाकीसाठी मिळणाऱ्या मिठात) मिळतं. 20 लिटरच्या बादलीला साधारण 200 ग्रॅम टाका आणि हायड्रोमीटरवर (पाण्यातलं मीठ मोजायचं साधन) 1.005 ते 1.010 च्या दरम्यान आकडा येतो का बघा. नळाच्या पाण्यात आधी अँटी-क्लोरीन घाला. बोअरचं जड पाणी माशांना त्रास देतं म्हणून लोक घाबरतात, खेकड्याला मात्र त्या जडपणाची अडचण नसते.

आता नेहमी घोटाळा होतो तो मुद्दा. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी भराभर उडतं, पण मीठ मागेच राहतं. उडालेलं पाणी भरताना साधं, क्लोरीन काढलेलं पाणीच घाला. मिठाचं पाणी फक्त पाणी बदलताना. हे उलटं केलं की महिन्याभरात टाकीचा समुद्र होतो.

टाकी

दोन फुटी टाकीत एक नर आणि दोन-तीन माद्या पुरे. दोन नर ठेवले तर जागेवरून भांडतात. टाकीच्या निम्म्या भागात धुतलेल्या बारीक वाळूचा, पाण्याबाहेर राहील असा उतार करा, वाळू चार इंच तरी खोल हवी, म्हणजे बीळ धरतं. उरलेल्या भागात चार-पाच इंच पाणी आणि एक स्पंज फिल्टर. तापमान 24 ते 28 अंश. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री हीटर लागतोच. खेकडा आणण्याआधी टाकी तीन-चार आठवडे चालू द्या.

झाकण घट्ट हवं. एअर पंपची नळी आणि हीटरची वायर या त्याच्या शिड्या आहेत, नळीपुरती फट ठेवली तरी तो सोफ्याखाली सापडतो, तेही वाळलेला. झाकणाने हवा दमट राहते हा दुसरा फायदा. तो कल्ल्यांनीच श्वास घेतो, आणि कल्ले ओले नसले तर जमिनीवरही गुदमरतो.

त्या खोलीत डासांचं लिक्विड, कॉइल, झुरळांचा फवारा वापरू नका. डासाला मारणारं औषध खेकड्यालाही मारतं, कवचधारी प्राण्यांना ते फार लवकर बाधतं. माशांच्या औषधात तांबं असेल तर तेही या टाकीत नको.

"खेकडा मेला" असं वाटेल तेव्हा

सकाळी टाकीत एक खेकडा आडवा, न हलणारा, डोळ्यांसकट. टाकून देऊ नका. उचलून बघा. हलका, पोकळ आणि मागच्या बाजूने फाटलेला असेल तर ती कात आहे. मालक मऊ अंगाने बिळात किंवा दगडामागे दडलेला असतो. मेलेल्याला कुजका वास येतो, कातीला येत नाही. कात तिथेच राहू द्या, तो ती खाऊन कॅल्शियम परत मिळवतो. काही दिवस वाळू उकरू नका. तुटलेली नांगीही पुढच्या कातींबरोबर त्याच जागी नव्याने येते.

रात्री रंग फिका पडला तर घाबरू नका, दिवस-रात्रीप्रमाणे त्यांचा रंग बदलतो.

खाणं

बुडणाऱ्या गोळ्या, उकडून गार केलेला पालक, थोडा बिनमिठाचा सुका जवळा. एका दिवसाआड, चिमूटभर. उरलेलं काढून टाका.

मोठ्या नांगीवाला असतो तो नर. ती नांगी वर-खाली हलवून तो मादीला बोलावतो आणि दुसऱ्या नराला बजावतो, खायला मात्र ती कामाची नाही. मादीच्या पोटाखाली अंडी दिसली तरी पिल्लांची आशा धरू नका. अळ्या समुद्राच्या पाण्यात तरंगून वाढतात, घरच्या टाकीत त्या टिकत नाहीत.

गणपतीपुळे-रत्नागिरीला गेल्यावर खाडीतून पकडून आणू नका, कांदळवनं संरक्षित आहेत. आमच्याकडून नेताना पाण्याने भरलेली पिशवी मागू नका. भोकं पाडलेल्या डब्यात मिठाच्या पाण्यात भिजवून पिळलेला स्पंज ठेवून देतो. घरी गेल्यावर डबा वाळूवर आडवा करा, तो आपला आपण बाहेर येईल. काही अडलं तर टाकीतलं पाणी छोट्या बाटलीत घेऊन या, तपासून देऊ.