बीपीतले खालचे 80 हृदयातले नव्हेत

‘बीपी 120/80, म्हणजे हृदय आकुंचन पावलं की 120 आणि सैल झालं की आत 80.’ हे वर्षानुवर्षं ऐकत आलोय. पण ते अर्धंच खरं आहे. 80 हा दाब धमनीतला. हृदय सैल पडताच महाधमनीची झडप मिटते. आत डाव्या खालच्या कप्प्यातला दाब शून्याच्या आसपास उतरतो आणि कप्पा भरल्यावरही साधारण 12 च्या आतच राहतो.

दंडाच्या पट्ट्याला हा आकडा दिसत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. जुन्या उच्च रक्तदाबाने कप्प्याची भिंत ताठरली, की तो भरायला जास्त दाब लागतो. तोच दाब मागे वरच्या कप्प्यात, तिथून फुप्फुसांत चढतो. मग आजोबांना आडवं झालं की धाप लागते, एका उशीवर भागत नाही. ताणलेल्या वरच्या कप्प्याचे ठोके बेतालही होतात. गोळ्यांनी बीपी 120/80 आणि इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ‘पंपिंग 60 टक्के’ (म्हणजे नॉर्मल) असलं तरी हे घडू शकतं!

इकोवरून या दाबाचा अंदाज येतो. थेट मोजायचा तर हृदयात नळीच घालावी लागते. 1929 मध्ये जर्मनीत डॉक्टर वर्नर फोर्समन यांनी ती स्वतःच्याच हातातल्या शिरेतून सरकवली होती.