दोन थाऊची फट

साताऱ्यात आमच्या जुन्या सीजे-३बी जीपच्या इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचा वरचा भाग, उतरवलं, त्या दिवशी मिस्त्रींनी आधी मापाचा गेज काढलाच नाही. माझं बोट सिलिंडरमध्ये घालायला लावलं आणि म्हणाले, "दादा, नख भिंतीला टेकवा आणि खालून वर ओढा." नख गुळगुळीत वर आलं आणि काठाच्या जरा खाली खटकन अडकलं. "ही कड लागली म्हणजे बोअर खाल्लाय," म्हणजे सिलिंडरचं भोक झिजलंय. पुढचे चार महिने जे काम चाललं, ते त्या कडेपासून सुरू झालं.

ही गाडी मूळची अमेरिकेतली, विलीज कंपनीची. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलीजच्या जीप जोडायला घेतल्या. सीजे-३बी तर अमेरिकेत १९६८ साली बंद झाली, तरी आपल्याकडे कितीतरी वर्षं निघत राहिली. उंच चौकोनी बोनेट ही तिची खूण, आणि ते उंच का याचं उत्तर इंजिनात आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपच्या 'गो-डेव्हिल' इंजिनात हवा आत घेणारे इनटेक आणि धूर बाहेर सोडणारे एक्झॉस्ट असे दोन्ही व्हॉल्व सिलिंडरच्या शेजारी ब्लॉकमध्येच बसवलेले होते. त्याचं हेड म्हणजे जवळजवळ एक झाकण. नंतरच्या 'हरिकेन' इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व खालीच राहू दिले, इनटेक मात्र मोठे करून वर हेडमध्ये नेले. हवा आत येण्याची वाट रुंद झाली आणि ६० हॉर्सपॉवरचं इंजिन सत्तरच्या पुढे गेलं. पण ते उंचही झालं, म्हणून बोनेट वर उचलावं लागलं.

दोन्ही इंजिनांचा पाया एकच, २.२ लिटरचा. १९३८ मध्ये विलीजकडे आलेल्या डेल्मर रूस या अभियंत्याने ४८ हॉर्सपॉवरच्या साध्या मोटारीच्या इंजिनातून ६० काढले, तेही सिलिंडर न वाढवता. भर होता हलक्या पिस्टनवर, चांगल्या बेअरिंगवर आणि मापं काटेकोर ठेवण्यावर. सत्तर-ऐंशी वर्षांनंतर असं इंजिन पुन्हा बांधायला घेतलं की तीच मापं परत मिळवायची असतात.

मापाची भाषा थाऊची. १ थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५ मिलिमीटर. डोक्यावरचा केस साधारण तीन थाऊचा. इंजिनातल्या महत्त्वाच्या बहुतेक फटी एका केसाहून लहान असतात.

आता त्या कडेविषयी. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या टोकाला, जिथे पिस्टनच्या घेराभोवती बसवलेल्या रिंगांपैकी वरची रिंग परत फिरते, तिथे तो सर्वांत जास्त खाल्ला जातो. या इंजिनात पिस्टन एका वेळी १११ मिलिमीटर धावतो. मिनिटाला ४००० फेऱ्या धरल्या तर त्याचा सरासरी वेग सेकंदाला जवळपास १५ मीटर होतो, आणि तो मिनिटाला ८००० वेळा पूर्ण थांबतो. रिंग वेगात असते तोवर तेलाचा पापुद्रा स्वतःखाली ओढून घेते आणि त्यावर तरंगते. थांबली की पापुद्रा तुटतो. त्यातून वरच्या टोकाला ती थांबते नेमकी स्फोटाच्या क्षणाला. जळत्या वायूचा दाब रिंगच्या मागे शिरून तिला भिंतीवर दाबतो, उष्णता सर्वाधिक असते, आणि थंड इंजिनात न जळलेलं पेट्रोल उरलंसुरलं तेलही धुऊन नेतं. रिंगच्या वर जो अर्धा सेंटीमीटर भाग उरतो तिथे काहीच घासत नाही, म्हणून तो मूळ मापाचा राहतो. नख अडकतं ते तिथे.

झीज गोलही नसते. कनेक्टिंग रॉड तिरका असतो, त्यामुळे पिस्टन एका बाजूच्या भिंतीवर रेलतो आणि सिलिंडर हळूहळू लंबगोल होतो. म्हणून बोअर गेज वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी लावायचा. आमच्या दुसऱ्या सिलिंडरमध्ये वर-खालचा फरक ११ थाऊ निघाला. आधीच्या कुणीतरी एकदा बोअर कापून मूळ मापापेक्षा २० थाऊ मोठा केलेला होता, म्हणून पुढचं माप ४०.

इथे आमची चूक झाली, आणि ती सांगायलाच हवी. पिस्टन यायच्या आधीच ब्लॉक बोअरिंगला दिला. जिथे दिला त्यांनी डोळे मिटून ४० चं माप काढलं. पिस्टन आले ते छापील मापापेक्षा दीड थाऊ लहान, आणि बोअर दीड थाऊ मोठा. जी फट तीन थाऊची हवी ती सहा झाली. ऐकायला किरकोळ वाटतं, पण दुप्पट फटीत पिस्टन नाचतो, रिंगा भिंतीवर सपाट बसत नाहीत आणि थंड इंजिन लोखंडी डबा वाजवल्यासारखं वाजतं. पिस्टन हातात आल्यावर प्रत्येकाचं माप घ्यायचं आणि त्या-त्या पिस्टनला त्याचा सिलिंडर बोअर करायचा, हा नियम आम्हाला पैसे मोजून कळला. शेवटी ब्लॉक कोल्हापूरला उद्यमनगरात नेला, चारही सिलिंडरमध्ये नवे लायनर, म्हणजे आतल्या नळ्या, दाबले आणि इंजिन मूळ मापावर आणलं.

तीनच थाऊ का, याचं कारण धातूंच्या स्वभावात आहे. अॅल्युमिनियम तापलं की बिडापेक्षा साधारण दुप्पट फुगतं. ८० मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा तुकडा १५० अंशांनी तापवला तर तो पाव मिलिमीटरहून जास्त वाढतो, म्हणजे दहा थाऊ. भोवतीचा बिडाचा ब्लॉक पाण्याने थंड राहतो, तो त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही वाढत नाही. मग पिस्टन अडकत का नाही? कारण तो गोल नसतोच. त्याचा माथा मुद्दाम लहान ठेवलेला असतो आणि खालचा घेर किंचित लंबगोल घासलेला असतो. गरम झाला की तो गोल होतो. हातात धरलेला थंड पिस्टन हे एक अपुरं चित्र आहे, खरा आकार चालू इंजिनातच येतो.

लायनर बसल्यावर होनिंग. आरशासारखी चकाकणारी भिंत चांगली असेल असं वाटतं, पण तिच्यावर तेल टिकत नाही. म्हणून होनिंगचे दगड फिरवत वर-खाली करतात आणि भिंतीवर एकमेकांना छेदणारे बारीक तिरपे ओरखडे उठवतात. उजेडात धरलं तर ते सुती कापडाच्या विणीसारखे दिसतात. या ओरखड्यांत तेल साठतं, आणि त्यांचे टोकदार काठ पहिल्या काही तासांत रिंगांना घासून त्यांच्याशी जुळवून घेतात.

बेअरिंगचं शास्त्र मला सगळ्यात विलक्षण वाटतं. पिस्टनच्या वर-खाली धावण्याने फिरणारा दांडा म्हणजे क्रँकशाफ्ट, किंवा नुसता क्रँक. तो आणि त्याला धरणारं बेअरिंग यांच्यात दीड-दोन थाऊची फट असते. तेलपंपाच्या दाबामुळे क्रँक तरंगतो असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. १८८३ च्या सुमारास बीचम टॉवर हा इंग्लिश अभियंता रेल्वेच्या धुऱ्यांवर लागतात तशा बेअरिंगांवर प्रयोग करत होता. त्याने बेअरिंगच्या माथ्यावर तेल घालायला भोक पाडलं, तर तेल आत जायच्या ऐवजी बाहेर येऊ लागलं. बूच मारलं, ते उडालं. लाकडी गुडदी ठोकली, तीही बाहेर आली. दाबमापक लावला तर काटा २०० पौंडांच्या पुढे गेला, आणि बेअरिंगवरचा सरासरी भार होता फक्त १०० पौंडांचा, दर चौरस इंचाला. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं. फिरणारा दांडा चिकट तेलाला पाचरीसारख्या निमुळत्या फटीत ओढून नेतो, आणि तिथे कोंडलेलं तेलच दाब निर्माण करून दांड्याला उचलून धरतं. पंपाचं काम फक्त तेल पोचवण्याचं.

फट जास्त झाली की तेल कडेने निसटतं आणि पाचर उभीच राहत नाही. कमी झाली की पुरेसं तेल शिरत नाही, घर्षणाची उष्णता वाहून जात नाही. म्हणून क्रँक ग्राइंड करून १० थाऊ लहान केला की बेअरिंगही आतून १० थाऊ लहान मापाचं घ्यायचं, आणि तरीही तपासायचं. त्यासाठी प्लास्टिगेज नावाचा मेणासारखा मऊ धागा मिळतो. धाग्याचा तुकडा क्रँकवर ठेवायचा, बेअरिंगची कॅप ठरलेल्या ताकदीने कसायची, क्रँक अजिबात फिरवायचा नाही, आणि परत उघडायचं. धागा चिरडून रुंद पट्टी झालेली असते. पट्टी जितकी रुंद, तितकी फट कमी. पाकिटावरच्या खुणांशी ताडून आमच्या मधल्या बेअरिंगला दोन थाऊ आले, तेव्हा मिस्त्रींनी चहा मागवला.

हे सगळं चालू असताना घरचे, शेजारी, दुकानदार, सगळ्यांचा एकच सल्ला होता: "डिझेल इंजिन टाका." सल्ला अगदीच पोकळ नव्हता. पेट्रोल महाग झाल्यावर हजारो जीपांची इंजिनं बदलली गेली. महिंद्रांनी स्वतः पूजो या फ्रेंच कंपनीचं २११२ सीसीचं डिझेल बसवलं, आणि इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर इंजिनाच्या घराण्यातलं २५२३ सीसीचंही. माझ्या मामेभावाच्या जीपमध्ये पूजो आहे आणि ती चांगली चालते.

तरी माझं मत मूळ इंजिनाच्या बाजूचं आहे, आणि त्याला गणिताचा आधार आहे. जीपची ताकद एकट्या इंजिनाची नसते. पहिल्या गिअरचं गुणोत्तर २.८, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसच्या लो रेंजचं जवळपास अडीच, एक्सलचं ५.३८. तिन्हींचा गुणाकार ३७. इंजिन ३७ वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा फिरतं, आणि इंजिनाचा पीळ (टॉर्क) चाकावर जवळपास ३७ पट होऊन पोचतो. त्या ६० हॉर्सपॉवरच्या गो-डेव्हिलसाठी हिशेब केला तर चाकांवरची ओढ, घर्षणातला तोटा न धरता, दीड टनाच्या जवळ जाते. गाडीचं वजन मात्र एक टनाच्या आसपास. म्हणजे चढावर हरतो तो टायर, इंजिन नव्हे. १००० आरपीएमवर गाडी ताशी साडेतीन-चार किलोमीटरने, माणसाच्या चालीने सरकते. जंगलच्या वाटेला आणखी काय हवं?

डिझेल टाकलं की हा गुणाकार बिघडतो. ट्रॅक्टरच्या वळणाचं इंजिन तीन हजार आरपीएमच्या आसपास दमतं. मागे ५.३८ चंच एक्सल ठेवलं तर गाडी ताशी ७५ च्या पुढे जात नाही, मग एक्सलचे गिअर बदला. इंजिन जड, मग पुढच्या स्प्रिंगच्या पाट्या बदला. वाइपर तर असा बंद पडतो की कारणच सुचत नाही: जुन्या जीपचा वाइपर पेट्रोल इंजिनाच्या इनटेकमधल्या व्हॅक्यूमवर चालतो, आणि डिझेलमध्ये हवा अडवणारी झडपच नसल्याने तसा व्हॅक्यूम तयार होत नाही. शिवाय गाडीत बदल करण्याविषयीचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आरसी बुकावरचा इंजिन नंबर आहे. कागद पक्के झाल्याशिवाय इंजिनाला हात लावू नये.

अदलाबदलीतही प्रश्न शेवटी त्याच थाऊंवर येतो. नवं इंजिन आणि जुना गिअरबॉक्स यांच्यामध्ये अडॅप्टर प्लेट लागते. क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत हवा, फरक पाच थाऊच्या आत. मामेभावाच्या गाडीत पहिली प्लेट डोळ्यांच्या अंदाजाने कापलेली होती. सहा महिन्यांत तिसरा गिअर आपोआप सुटायला लागला, क्लच प्लेटचा मध्य सैल झाला. दुसऱ्या वेळी डायल गेज फ्लायव्हीलला बसवला, त्याचं टोक प्लेटच्या भोकाच्या कडेला टेकवलं आणि इंजिन हाताने फिरवलं. काटा एका फेरीत २२ घरं हलला. गेज दोन्ही बाजूंचा फरक मिळून दाखवतो, म्हणून खरी चूक त्याच्या निम्मी, ११ थाऊ. प्लेट जागेवर धरणाऱ्या पिना सरकवून, पुन्हा फिरवून, संध्याकाळपर्यंत काटा सात घरांवर आणला. त्यानंतर गिअर सुटला नाही.

आमचं इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा मी आवाजाकडे लक्षच दिलं नाही, तेलाच्या दाबाच्या काट्याकडे बघत होतो. तो उठला. नवं इंजिन उभ्या जागी गुरगुरत ठेवण्यात मात्र तोटा आहे. रिंगांच्या मागे दाब येत नाही, ओरखड्यांत तेल भाजून काचेसारखं बसतं आणि रिंगा कायमच्या रुसतात. म्हणून त्याच दुपारी गाडी यवतेश्वरच्या घाटाला लावली. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढावर भार द्यायचा, मग पाय काढून जरा सैल सोडायचं, परत भार. परतताना बोनेटमधून नव्या रंगाचा जळका वास येत होता.

तीनशे किलोमीटरनंतर तेल काढलं. मिस्त्रींनी ते पांढऱ्या थाळीत ओतलं, उन्हात धरलं आणि चुंबक फिरवला. चुंबकाच्या टोकाला राखाडी, पिठासारखी बारीक साय आली. अंगठ्याने चोळून पाहिली, कण एकही लागला नाही. "बसल्या रिंगा," ते म्हणाले आणि थाळी पुसायला घेतली.